नुसतं ‘हायू जाजो’ म्हणून भागणार नाही

आमच्या खान्देशात घरातून कुणी मोटरसायकल काढली की ओट्यावरून हमखास आवाज येतो, “हायू जाजो रे भाऊ.” हायू म्हणजे हळू. माय म्हणते, आजी म्हणते, समोरच्या घरातली मावशी म्हणते. पोरगा “हो” म्हणतो, किक मारतो आणि गल्ली संपायच्या आत तिसऱ्या गियरमध्ये जातो. त्या शब्दांत सांगणाऱ्याचा जीव अडकलेला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण मी तीसहून जास्त वर्षं मोटरसायकल चालवतोय आणि हळू जायचं म्हणजे हातापायांनी नेमकं काय करायचं, हे त्यातल्या पहिल्या बावीस वर्षांत मला एकाही माणसानं शिकवलं नव्हतं.

हळू चालवणं हा आपण स्वभाव समजतो. “तो शांत आहे”, “याचा हात भारी आहे”, असं बोलून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की ते शिकायचं काम आहे, पोहण्यासारखं किंवा पाभर धरण्यासारखं, आणि ते शिकवायची जबाबदारी आपण कुणीच घेतलेली नाही. ना घरानं, ना शाळेनं, ना लायसन देणाऱ्यांनी.

मी शिकलो १९९३ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा आटोपल्यावर, काकांच्या राजदूतवर. मळ्याची वाट, दोन संध्याकाळ. क्लच कसा सोडायचा, गियर कसा टाकायचा, चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं, हे सगळं काकांनी नीट समजावलं. थांबण्याविषयी एकच वाक्य बोलले: “पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटा पडशील.” मळ्याच्या वाटेवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. घोटाभर फुफाट्यात पुढचं चाक अडकलं तर गाडी हातातून जातेच. पण ते वाक्य माझ्याबरोबर डांबरी रस्त्यावर आलं, तिथून महामार्गावर आलं. लायसन काढताना मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला, पाय टेकला नाही, पास झालो. गाडी थांबवून दाखव असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

२०१५ च्या नोव्हेंबरात, दिवस नुकताच मावळला होता, एरंडोलकडे येत होतो. मागे बायको, एका बाजूला पाय सोडून बसलेली. वेग साठ-पासष्ट असेल. पुढे कापसानं भरलेली ट्रॉली होती. मागे लाइट नाही, रेडियमची पट्टी नाही, वरचं ताडपत्रीचं तोंड तेवढं अंधारात फुगलेलं. दिसली तेव्हा ती तीसेक मीटरवर आली होती. मी सगळा जीव उजव्या पायात आणून ब्रेक दाबला. मागचं चाक जागीच थांबलं आणि गाडी शेपूट हलवावी तशी वळली. आम्ही साइडपट्टीवर घसरत गेलो. माझं हासळीचं हाड मोडलं, बायकोचं डावं मनगट. हेल्मेट घरी खुंटीला होतं. डोकं दगडावर आपटलं नाही, एवढ्यावर वाचलो.

पुढे कितीतरी महिने मी लोकांना ट्रॉलीची गोष्ट सांगत राहिलो. ती खोटी नव्हती. दिव्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणणं हा गुन्हाच आहे आणि कापसाच्या नि उसाच्या हंगामात तो रोज घडतो. पण ट्रॉली जाग्यावर उभी नव्हती, ती चालत होती, आणि तीस मीटर म्हणजे काही कमी जागा नव्हे. त्या जागेत मला गाडी आवरता आली नाही, कारण आवरणं मी कधी शिकलोच नव्हतो. हे मला माझ्या मेस्त्रीनं दाखवलं. प्लास्टर निघाल्यावर मोडकी गाडी त्याच्याकडे नेली. त्यानं दोन्ही चाकं खोलली आणि ब्रेकचे लायनर समोर ठेवले. मागचा घासून पत्र्याला लागलेला, तोही तिसऱ्यांदा बदललेला. पुढचा मात्र शोरूममधून आला तसा. मेस्त्री म्हणाला, “सर, तुमनी गाडीला एकच ब्रेक शे.”

तो सांगत होता की गिऱ्हाईक कसं चालवतं ते त्याला लायनरवरून कळतं. दहातल्या सात-आठ गाड्यांचा पुढचा ब्रेक कोरा असतो. काहींची तर केबलच गंजून जाम झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मी विज्ञान शिकवणारा माणूस. ब्रेक लागला की गाडीचं नि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचं चाक करतं, हे मला फळ्यावर सांगता आलं असतं. माझ्या उजव्या हाताला ते ठाऊक नव्हतं. पुढे महिनाभर मेस्त्रीनं मला सकाळी शिकवलं. लिव्हर झटक्यात ओढायचा नाही, आवळत न्यायचा. आधी हलकेच, वजन पुढे आलं की जोरानं. मागचा पाय सोबतीला. गाडी सरळ असतानाच ब्रेक, वळणात नाही. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा. नजर खड्ड्यावर नाही, खड्ड्याशेजारच्या वाटेवर, कारण गाडी नजरेच्या मागे जाते. चाळिशीत मी हे शिकलो, तेही हाड मोडल्यावर.

त्यातून मी शाळेत एक गोष्ट सुरू केली. ती सांगतो, कारण सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

आमच्या गावाला वळसा घालून महामार्ग गेला आणि जुन्या रस्त्याचा एक तुकडा तसाच पडून राहिला. डांबर शाबूत, वाहतूक नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, नववीची मुलं तिथे नेतो. कबड्डीचं मैदान आखायची फक्की सोबत असते. रस्त्यावर आडवी रेघ मारायची. मेस्त्री हेल्मेट घालून, जाड जॅकेट घालून, बरोबर चाळीसच्या वेगानं येणार आणि रेघेवर ब्रेक लावणार. त्याआधी प्रत्येक मुलानं आपल्या अंदाजानं कडेला एक दगड ठेवायचा: गाडी इथे थांबेल. दगड बहुतेक चार-पाच मीटरच्या आतच पडतात. चाळीस म्हणजे त्यांच्या लेखी रांगणं. दोन्ही ब्रेक नीट लावून मेस्त्री थांबतो ते दहा-अकरा मीटरवर. मग दुसरी खेप, फक्त मागचा ब्रेक, म्हणजे त्यांचे वडील लावतात तसा. गाडी वीस मीटरला टेकते. मुलं टेप धरून मोजतात आणि पुन्हा मोजतात, पहिल्यांदा चुकलं असेल म्हणून.

साठच्या वेगानं आम्ही तिथे करून दाखवत नाही. मुलांसमोर तेवढी जोखीम घ्यायची नसते. ते वर्गात, फळ्यावर. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे, समीकरणं तिथेच आहेत. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ताशी ६० म्हणजे जवळजवळ १७. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. सावध माणसाला तेवढा लागतोच, बोलत चाललेल्याला जास्त लागतो. चाळीसला हा सेकंद धरून गाडी साधारण २१ मीटरमध्ये उभी राहते. साठला ४० मीटर लागतात. ऐंशीला ६३. वेग दीडपट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर सव्वादोन पट होतं, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो.

आता फळ्यावर एक म्हैस काढायची, २१ मीटरवर, मोरीवरून चढून रस्त्यात आलेली. चाळीसनं येणारा तिच्या पुढ्यात थांबला. साठनं येणाऱ्याचे १७ मीटर ब्रेकला हात जाईपर्यंतच संपले. उरलेल्या चारेक मीटरमध्ये त्याचा वेग उतरून किती होईल? मुलं म्हणतात, तीस. कुणी म्हणतं, वीस. उत्तर येतं साधारण ५४. म्हणजे एक जण थांबला आणि दुसरा ५४ च्या वेगानं म्हशीवर आदळला. दोघांच्या वेगात फरक वीसचाच होता. मी वीस वर्षं ही समीकरणं शिकवली. त्यांत उतारावरून घरंगळणारा चेंडू असायचा, इमारतीवरून सोडलेला दगड असायचा. त्यांत म्हैस आली तेव्हा पहिल्यांदा वर्गात शांतता झाली.

रात्रीचा हिशेब आणखी वाईट आहे. माझ्या गाडीचा लो-बीम मी मोजून पाहिला. तीस-पस्तीस मीटरपलीकडे काळी म्हैस, काळी ट्रॉली किंवा काळा कोट घातलेला माणूस ओळखू येत नाही. साठला थांबायला ४० मीटर लागतात. म्हणजे रात्री साठनं जाणारा आपल्या उजेडाच्या पुढे पळत असतो. समोरून अप्पर मारत कुणी आलं तर तेवढंही दिसत नाही. रात्री पन्नासच्या आत राहायचं, हे मी भीतीपोटी म्हणत नाही. माझा दिवा मला तेवढंच देतो.

आणि आमच्या भागाची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पाळधी-एरंडोलकडची हजारो माणसं रोज कामाला, कॉलेजला, दवाखान्याला जळगावला जातात. सकाळी पूर्वेला तोंड, संध्याकाळी पश्चिमेला. जातानाही सूर्य डोळ्यांत, येतानाही. हिवाळ्यात तर बरोबर कामाच्या वेळेला तो डोळ्यांच्या रेषेत असतो. समोरचं काही सेकंद नुसतं पांढरं दिसतं. अशा वेळी हात आपोआप सैल पडला पाहिजे. पण तो आपोआप पडत नाही, शिकवावा लागतो.

यावर लोक जे म्हणतात, त्यातलं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. पहिलं म्हणणं वेळेचं. तीस किलोमीटरची वाट साठनं तीस मिनिटांत होते, पंचाहत्तरनं चोवीस मिनिटांत. वाचतात सहा मिनिटं, तीही मधे एक फाटा, एक गतिरोधक, एक गावबाजार लागला नाही तर. नोकरीवाल्याला मी हे ठणकावून सांगतो: सहा मिनिटं आधी नीघ. पण पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून डेअरीच्या वेळेत पोचायचं असतं त्याला, किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी कापूस वेचायला बायकोला नि बहिणीला एकाच गाडीवर नेणाऱ्याला, मी ते त्याच सुरात सांगू शकत नाही. त्यांच्या गावात वेळेवर एसटी आली असती तर त्यांतले निम्मे मोटरसायकलवर बसलेच नसते. सार्वजनिक वाहतूक नसणं हे अपघातांचं कारण म्हणून कुठल्या पंचनाम्यात लिहिलं जात नाही, पण ते आहे. तरीही दूधवाल्याला ब्रेक शिकवायला कुणाची ना नसावी. उलट त्यालाच आधी शिकवला पाहिजे. ऐंशी लिटर दूध मागच्या चाकावर घेऊन गाडी आवरणं हे कसबाचं काम आहे, आणि तो ते रोज अंदाजानं करतो.

दुसरं म्हणणं रस्त्यांचं. खड्डे, गिट्टी, रंग न मारलेले गतिरोधक, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती. ती ओली झाली की तेलासारखी. यासाठी भांडलंच पाहिजे आणि मी ग्रामसभेत भांडतो. पण रस्ता सुधारला की जीव वाचतात हे आपलं गृहीतक मला आता पटत नाही. आमच्या महामार्गाच्या तरसोद-फागणे टप्प्याच्या चौपदरीकरणाची आम्ही वर्षानुवर्षं वाट पाहिली, धूळ खाल्ली. रस्ता झाला आणि जो पोरगा खड्ड्यांमुळे पन्नासच्या वर जात नव्हता तो नव्वदला गेला. दुभाजकातला कट लांब पडतो म्हणून गावचा माणूस राँग साइडनं येतो. ऐंशीनं जाणारा आणि चाळीसनं समोरून येणारा यांची गाठ १२० च्या वेगानं पडते. चांगल्या रस्त्यावर हळू होणं खराब रस्त्यापेक्षा अवघड असतं. खड्डा तुम्हाला हळू करतो. गुळगुळीत रस्त्यावर ते काम स्वतःलाच करावं लागतं. इथे एक खुलासा करतो. हळू म्हणजे चौपदरीच्या मधल्या लेनमधून पस्तीसनं रेंगाळणं नव्हे, तेही जीवघेणंच. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, इतर रस्त्यांवर ६० ची. मर्यादा म्हणजे त्यापुढे नाही. तेवढं गाठायचंच असं नव्हे. फाटा, मोरी, शाळा, उसाची ट्रॉली, दिवेलागण, पहिला पाऊस या ठिकाणी नि या वेळी आधीच वेग उतरलेला असणं, याला मी हळू म्हणतो.

तिसरं म्हणणं नशिबाचं. दारावर बसायला गेलं की कुणीतरी म्हणतंच, “त्याची भरली होती.” शोक करणाऱ्या घरात त्या शब्दांनी थोडा आधार मिळतो, म्हणून तिथे मी गप्प बसतो. बाहेर आल्यावर गप्प बसत नाही. देशाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली रस्त्यावर मेलेल्यांचा आकडा १ लाख ६८ हजार ४९१ आहे. त्यांतले ७४ हजार ८९७ दुचाकीवरचे. एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे, आणि मेलेल्यांत दर तिघांतले दोघे १८ ते ४५ या वयातले. नशिबाला वय आणि वेग बघून माणूस निवडायचं काय कारण?

हेल्मेटबद्दल थोडक्यात. त्याच वर्षी हेल्मेट नसलेल्या मृतांचा आकडा ५० हजारांवर होता आणि त्यांत चौदा हजारांहून जास्त मागे बसणारे होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना खोटं वाटतं. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत हेल्मेट सोसत नाही, हे मला मान्य नाही. त्याच उन्हात आपण तोंडाला रुमाल आणि डोक्याला उपरणं गुंडाळतोच ना. आत सुती टोपी घातली आणि काच खाली ओढली तर झळा तोंडावर येत नाहीत. आयएसआय शिक्का बघून घ्यायचं आणि पट्टा लावायचा. चौकीच्या अलीकडे घालून पलीकडे कोपरात अडकवणाऱ्यांशी काय बोलावं, मला समजत नाही. तरी हेल्मेट ही पडल्यानंतरची गोष्ट आहे. मी पडायच्या आधीचं बोलतोय.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. हळू चालवणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. कट मारून जाणारा हुशार, थांबून वाट देणारा घाबरट. “काय म्हाताऱ्यासारखी चालवतो” हे वाक्य मी बापाच्या तोंडून मुलाला उद्देशून ऐकलंय. आणि ही रीत आपली जुनी नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. विकणारा घोडा पळवून दाखवतो, पोरं शिट्ट्या मारतात. जाणतं गिऱ्हाईक मात्र पळणाऱ्या घोड्याकडे बघत नाही. लगाम खेचला की घोडा कसा थांबतो, तोंड वर टाकतो का, बिचकतो का, ते बघतं. माझे आजोबा नवा गोऱ्हा जुंपताना आधी त्याला कासऱ्याला थांबायला शिकवायचे. चालायला काय, तो आपोआप चालतो. जो बैल कासऱ्याला ऐकत नाही त्याला गाडीला लावायचं नाही, हा त्यांच्या घरातला कायदा होता. दोन पिढ्यांत बैलगाडीची मोटरसायकल झाली आणि तो कायदा मागे राहून गेला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरच्या लेकीला आणायला पूर्वी मुराळी बैलगाडी घेऊन जायचा. आता भाऊ स्प्लेंडर घेऊन जातो. मे महिन्याचं ऊन, मागे बहीण, बहिणीच्या मांडीवर लेकरू, टाकीवर दुसरं. श्रावणात कानबाईच्या सणाला सुरतेहून पोरं गावाकडे निघतात. कारखान्यातली पाळी संपवून, न झोपता, रात्रीतून नवापूर, कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळे असा अडीचशे-तीनशे किलोमीटरचा पल्ला मोटरसायकलवर. लग्नसराईत पत्रिका वाटायला दोघं जण एका गाडीवर दिवसात आठ-दहा गावं करतात, प्रत्येक घरी थोडं खाऊन, चहा घेऊन, आणि उशीर झाला म्हणून शेवटची तीन गावं अंधारात, पळवत. आपल्या आनंदाच्या दिवसांची रचनाच अशी आहे की पोरांना हळू चालवायला सवडच उरत नाही. इथे शिकवणं आणि घराचा निर्णय दोन्ही लागतात. पत्रिका दोन दिवसांत वाटा. सुरतेच्या पोराला घरातून फोन करून सांगा की रोट चुलीवर उशिरा चढले तरी चालतील, तू दिवसा नीघ. हे सांगायला पैसा लागत नाही, घरातल्या मोठ्याचा शब्द लागतो.

आता सरकारकडून काय हवं, तेही स्पष्ट बोलतो. दंड वाढवून झाला. १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. मला ती योग्यच वाटते. पण दंडानं माणूस कॅमेऱ्यासमोर हळू होतो. चौपदरीवर सगळे कुठे ब्रेक मारतात आणि कुठे पुन्हा पळवतात ते रोज जाणाऱ्याला पाठ आहे. भीती जिथे संपते तिथून पुढे कौशल्य लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांत चालकाच्या परीक्षेत गाडी तातडीनं थांबवता येणं अपेक्षित आहे. मग लायसनच्या मैदानावर दोन रेघा आखा. चाळीसनं या, या रेघेवर ब्रेक लावा, त्या रेघेच्या आत, गाडी न घसरता, थांबा. जमलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा या. यासाठी फक्की आणि टेप लागते. आठचा आकडा राहू द्या, त्यानं तोल कळतो. पण तोल गेल्यानं माणसं मरत नाहीत, थांबता न आल्यानं मरतात.

गाडी विकणाऱ्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचा झाला. त्याखालच्या गाड्यांना, म्हणजे आमच्या गावातल्या बहुतेक गाड्यांना, दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सोय आली. फार चांगलं झालं. पण गाडी ताब्यात देताना हार घालतात, पेढा देतात, फोटो काढतात; एबीएस म्हणजे काय आणि ब्रेक दाबल्यावर लिव्हर थरथरला तर घाबरून सोडायचा नाही, हे सांगताना मी कुणाला पाहिलं नाही. आणि रस्त्यावर अजून वर्षानुवर्षं जुन्याच गाड्या चालणार आहेत. त्यांच्यासाठी गावोगावचा मेस्त्री हाच खरा शिक्षक आहे. त्याचं पोरं ऐकतात, मास्तराचं ऐकत नाहीत. पोलिसांनी, परिवहन कार्यालयानं रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात व्यासपीठावर पाहुणे बसवण्याऐवजी तालुक्यातले पन्नास मेस्त्री बोलवावेत, त्यांना दोन दिवस नीट शिकवावं आणि लायनर बदलायला आलेल्या प्रत्येकाला पाच मिनिटं द्यायला सांगावं. त्या वेळेचा त्यांना मोबदला द्यावा, कारण त्यांचा दिवस हातावरचा असतो.

शाळांनी करायचं ते मी वर सांगितलं. नववीच्या मुलाला लायसन नाही, त्यानं गाडी चालवायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावतो. पण दोन वर्षांत तो चालवणार आहे हे मला दिसतं आणि तोवर तो रोज कुणाच्या तरी मागे बसतोच. मागे बसणाऱ्यालाही बोलता आलं पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात फक्कीच्या रेघांचा तास झाला आणि सोमवारी एक मुलगी वर्गाबाहेर थांबली. रविवारी तिनं अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा पुढचा लिव्हर ओढून पाहिला होता. “सर, पप्पांचा ब्रेक ओढला जातो पण चाक फिरतंच राहतं.” मी म्हटलं, पप्पांना सांग. ती म्हणाली, सांगितलं, पप्पा म्हणतात तो लागतच नाही कधी. तिचे वडील रोज पहाटे धरणगावच्या बाजूला भाजी घेऊन जातात. मंगळवारी संध्याकाळी ते स्वतः मेस्त्रीकडे आले, मुलगी मागे बसलेली. केबल आतून तुटत आली होती, तीन-चार तारा राहिल्या होत्या. केबल, लायनर, मजुरी मिळून चारशेच्या आत काम झालं. ते पैसे काढत होते तेवढ्यात मुलीनं मेस्त्रीला विचारलं, अजून उजेड आहे, जुन्या रस्त्यावर पप्पांना एकदा थांबून दाखवता येईल का. मेस्त्रीनं शटर अर्ध्यावर ओढलं आणि दुसरं हेल्मेट शोधायला आत गेला.